तीन राजांचे वर्ष, ब्रिटनमधील (१९३६)

इ. स. १९३६ या एकाच वर्षात पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड व सहावा जॉर्ज असे तीन राजे ब्रिटनच्या सिंहासनावर लागोपाठ आले. त्यावरून या वर्षास हे नाव पडले. ब्रिटिश इतिहासात असा योग फार क्वचित आला आहे. १०६६ मध्ये नॉर्मन स्वारीमुळे आणि १४८३ मध्ये यॉर्क घराण्यातील सत्तास्पर्धेमुळे वर्षभरात तीन राजे झाले होते. त्या दोन्ही वेळी सत्तांतर रक्तपातातून झाले. १९३६ मध्ये एक राजा वार्धक्याने व आजाराने मरण पावला, दुसऱ्याने स्वतःच्या सहीने राज्य सोडले आणि तिसरा संसदेने केलेल्या कायद्याने गादीवर आला. या वर्षाची लोकस्मृती प्रामुख्याने एका राजाच्या प्रेमप्रकरणाभोवती घुटमळते. त्या वर्षाचे खरे महत्त्व मात्र वेगळ्या गोष्टीत आहे. निवडून आलेल्या शासनापुढे राजाचा शब्द किती चालतो, रस्त्यावर उतरलेल्या गणवेशधारी पक्षाचा किती चालतो आणि उपाशी शहराच्या अर्जाचा किती चालतो, हे तीनही प्रश्न १९३६ च्या शेवटच्या तिमाहीत जवळजवळ एकदमच उपस्थित झाले व त्यांची उत्तरेही त्याच काळात मिळाली.

पार्श्वभूमी : नोव्हेंबर १९३५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत स्टॅन्ली बॉल्डविन याच्या नेतृत्वाखालील, प्रामुख्याने हुजूर पक्षाच्या बळावर उभ्या असलेल्या राष्ट्रीय शासनास मोठे बहुमत मिळाले होते. मजूर पक्षाचे नेतृत्व क्लेमंट ॲटली याच्याकडे आले होते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीतून देश सावरत होता. पण हे सावरणे सर्वत्र सारखे नव्हते. लंडनच्या आसपास व मध्य इंग्लंडमध्ये मोटारी, विजेची उपकरणे व घरबांधणी यांना तेजी आली होती. कोळसा, पोलाद, जहाजबांधणी व कापड यांवर जगणारे उत्तर इंग्लंड, दक्षिण वेल्स आणि स्कॉटलंडमधील क्लाइड नदीचे खोरे हे प्रदेश मात्र थंड पडले होते. जानेवारी १९३६ मध्ये नोंदलेल्या बेकारांची संख्या वीस लाखांहून अधिक होती. बेकारभत्ता देण्यापूर्वी सबंध कुटुंबाच्या उत्पन्नाची चौकशी करण्याची जी पद्धत १९३१ पासून सुरू झाली, तिच्याविषयी कामगारवस्त्यांत तीव्र चीड होती. कारण मिळवत्या मुलाच्या पगारावरून बापाचा भत्ता कापला जाई. याच फेब्रुवारीत जॉन मेनार्ड केन्स याचा रोजगार, व्याज व पैसा यांविषयीचा सिद्धांतग्रंथ प्रसिद्ध झाला. बेकारी आपोआप दूर होत नाही, शासनाने खर्च वाढवून मागणी निर्माण केली पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष होता. कोशागाराने तो मानण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

मंदी व तेजी यांचा हा संधिकाल एका जहाजाच्या इतिहासात चांगला दिसतो. ‘क्वीन मेरी’ या प्रचंड प्रवासी जहाजाचे बांधकाम क्लाइडबँक येथे चालू असताना डिसेंबर १९३१ मध्ये पैशाअभावी थांबले व सु. सव्वादोन वर्षे तिचा सांगाडा गंजत उभा राहिला. शासनाने कर्ज दिल्यावर एप्रिल १९३४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. २७ मे १९३६ रोजी ती साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीस निघाली आणि ऑगस्टमध्ये तिने अटलांटिक महासागर सर्वांत जलद ओलांडण्याचा मान मिळविला. जॅरो या गावाची कथा पुढे येते. तेथे असे कर्ज कोणी दिले नाही.

राजनिधन : जानेवारीच्या मध्यास तीन मृत्यू चार-पाच दिवसांत झाले. मुंबईत जन्मलेले व ब्रिटिश संसदेत साम्यवादी सदस्य म्हणून बसलेले शापुरजी सकलातवाला १६ जानेवारीस लंडनमध्ये वारले. साम्राज्याचा शाहीर समजला जाणारा रड्यर्ड किपलिंग, तोही जन्माने मुंबईचाच, १८ जानेवारीस मरण पावला आणि २० जानेवारीस रात्री बारा वाजण्यास पाच मिनिटे असताना पाचव्या जॉर्जचे सँड्रिंगॅम येथील राजवाड्यात निधन झाले. आदल्याच वर्षी त्याच्या कारकीर्दीचा रौप्यमहोत्सव लोकांनी उत्साहाने साजरा केला होता. फारसे बुद्धिवैभव नसलेला, शिस्तप्रिय व कर्तव्यनिष्ठ असा हा राजा नभोवाणीवरील नाताळच्या भाषणांमुळे सामान्य घरांत पोहोचला होता. त्याची प्रकृती मालवत असल्याची वार्ता राजवैद्य लॉर्ड डॉसन याच्या निवेदनातून नभोवाणीने देशाला दिली. या मृत्यूची दुसरी बाजू उजेडात येण्यास पन्नास वर्षे लागली. १९८६ मध्ये डॉसनची टिपणे प्रसिद्ध झाली. राजाचे प्राण लांबत असलेले पाहून आपण मॉर्फीन व कोकेन टोचून शेवट जवळ आणला आणि ही बातमी सायंकाळच्या हलक्या पत्रांऐवजी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये प्रथम यावी हाही त्यामागे एक विचार होता, असे त्याने त्यांत नमूद केले होते.

शवपेटी वेस्टमिन्स्टर हॉलकडे नेली जात असताना तिच्यावरील राजमुकुटाच्या शिखराचा रत्नजडित क्रूस निखळून रस्त्यावर पडला. अपशकुनांवर विश्वास ठेवणाऱ्यांना वर्षअखेरीस या प्रसंगाची आठवण झाली नसती तरच नवल.

नवा राजा : आठवा एडवर्ड (२३ जून १८९४ – २८ मे १९७२) गादीवर आला तेव्हा ४१ वर्षांचा व अविवाहित होता. युवराज म्हणून त्याने साम्राज्यभर दौरे केले होते. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी तो मुंबईत उतरला, त्या वेळी असहकार चळवळीने त्याच्या स्वागतावर बहिष्कार टाकला होता व शहरात दंगली उसळल्या होत्या. ब्रिटनमध्ये मात्र, विशेषतः महायुद्धात लढलेल्या पिढीत, तो कमालीचा लोकप्रिय होता. रीतिरिवाजांविषयी त्याला उघड कंटाळा होता. सँड्रिंगॅम येथील घड्याळे शिकारीच्या सोयीसाठी अर्धा तास पुढे ठेवण्याची जुनी प्रथा होती. वडिलांच्या मृत्यूच्या रात्रीच त्याने ती घड्याळे मागे करविली. दुसऱ्या दिवशी तो विमानाने लंडनला गेला; राजपदावर असताना विमानप्रवास करणारा तो पहिलाच ब्रिटिश राजा होय. शासकीय कागदपत्रांकडे त्याचे लक्ष कमी व खर्चकपातीकडे अधिक, अशी तक्रार दरबारी वर्तुळात लवकरच सुरू झाली. वॉलिस सिंप्सन या अमेरिकन स्त्रीशी असलेला त्याचा स्नेह त्या वर्तुळास ठाऊक होता. तिचा पहिला विवाह १९२७ मध्ये घटस्फोटाने संपला होता व दुसरा पती हयात होता.

वसंतऋतूत लोकांचे लक्ष परदेशाकडे वळले. ७ मार्च रोजी जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडच्या निःसैनिक प्रदेशात शिरले. जर्मनी आपल्याच भूमीत शिरत आहे, अशी सर्वसाधारण ब्रिटिश भावना होती आणि शासनाने निषेधापलीकडे काही केले नाही. तरी शस्त्रसज्जतेस वेग आला. संरक्षणविषयक श्वेतपत्रिका मार्चच्या आरंभी निघाली होती. ५ मार्च रोजी साउदॅम्प्टनजवळील ईस्टली येथून आर. जे. मिचेलने आखलेल्या ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाच्या नमुन्याने प्रथम उड्डाण केले होते. जूनमध्ये अशा ३१० विमानांची मागणी नोंदविण्यात आली. मिचेल पुढच्याच वर्षी मरण पावला. १९४० मधील आपल्या विमानाची कामगिरी त्याला पाहावयास मिळाली नाही. एप्रिलमधील अर्थसंकल्पाने प्राप्तिकर व चहावरील जकात वाढविली. या वाढीची वार्ता आधीच फुटल्याचे उघडकीस येऊन वसाहतमंत्री जे. एच. टॉमस यास मे महिन्यात राजीनामा द्यावा लागला. इटलीने ॲबिसिनिया जिंकल्यावर तेथील सम्राट हैले सेलासी जूनमध्ये निर्वासित म्हणून लंडनला आला. जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले. ब्रिटनने तटस्थतेचे धोरण स्वीकारले व त्यासाठीची आंतरराष्ट्रीय समिती सप्टेंबरपासून लंडनमध्येच बसू लागली. स्पेनमध्ये लढण्यास गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या पलटणीला पुढे सकलातवाला यांचे नाव देण्यात आले.

उन्हाळ्यातील क्रीडाजगताची नोंदही याच ओघात केली पाहिजे. फ्रेड पेरीने विंबल्डनचे अजिंक्यपद लागोपाठ तिसऱ्यांदा मिळविले. त्यानंतर ब्रिटिश पुरुषास ते मिळण्यास २०१३ साल उजाडावे लागले. विजयानगरमच्या महाराजकुमारांच्या नेतृत्वाखाली आलेला भारतीय क्रिकेट संघ अंतर्गत बेबनावाने गाजला व मालिकाही हरला. पण मँचेस्टर येथील कसोटीत मुंबईचे विजय मर्चंट (११४) आणि मुश्ताक अली (११२) यांनी सलामीस २०३ धावांची भागी केली. परदेशात भारतीयांनी काढलेली ही पहिली कसोटी शतके होत.

केबल स्ट्रीट : सर ऑझवाल्ड मोस्ली याने १९३२ मध्ये ब्रिटिश फॅसिस्ट संघाची स्थापना केली. आरंभी इटलीचे अनुकरण करणारा हा पक्ष हळूहळू जर्मनीच्या वळणावर जाऊन ज्यूविरोधी बनला. लंडनच्या ईस्ट एंड भागात पूर्व यूरोपातून आलेल्या ज्यू शिंपी-कारागिरांची दाट वस्ती होती. तेथे काळ्या सदऱ्यातील तरुणांच्या सभा, शिवीगाळ व मारहाण नित्याची झाली होती. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी या वस्तीतून गणवेशात संचलन करण्याचे मोस्लीने जाहीर केले. संचलनावर बंदी घालावी, असा हजारो सह्यांचा अर्ज गृहमंत्री सर जॉन सायमन याजकडे गेला. त्याने बंदी घालण्यास नकार दिला. १९२८ मध्ये काळ्या निशाणांनी ज्याचे भारतात स्वागत झाले तोच हा सायमन, आणि विरोधी पक्षनेता ॲटली हाही त्या आयोगाचा सदस्य होता.

ठरलेल्या दिवशी दोन ते तीन हजार फॅसिस्ट रॉयल मिंट स्ट्रीटवर जमले. त्यांना वाट करून देण्यासाठी सहा हजारांहून अधिक पोलीस नेमले होते. वाट अडविण्यास जमलेल्या लोकांच्या संख्येचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत आहेत. त्यांत ज्यू रहिवासी, साम्यवादी कार्यकर्ते व गोदीतील आयरिश कामगार होते. ज्यू समाजातील प्रतिष्ठित संस्थांनी व मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांनी लोकांना घरी राहण्याचा सल्ला दिला होता. तो मानला गेला नाही. केबल स्ट्रीटवर उलथविलेली मालमोटार, फर्निचर व फळ्या यांचे अडथळे उभारले गेले. खिडक्यांतून स्त्रियांनी पोलिसांवर कचरा व हाती येईल ते फेकले. माद्रिदच्या रक्षकांची घोषणा येथे इंग्रजीत दिली गेली. अखेर पोलीस आयुक्त सर फिलिप गेम याने मोस्लीला संचलन पश्चिमेकडे वळवून विसर्जित करण्याचा हुकूम दिला. तो मोस्लीने निमूटपणे पाळला. सु. दीडशे लोकांस अटक झाली. त्यांतील बहुसंख्य फॅसिस्टविरोधी होते. म्हणजे ही चकमक मुख्यतः जमाव व पोलीस यांच्यात झाली. फॅसिस्टांशी प्रत्यक्ष हातघाई फारशी झाली नाही.

केबल स्ट्रीटने ब्रिटिश फॅसिझमचा अंत केला, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अतिशयोक्त आहे. पुढच्याच रविवारी माइल एंड रस्त्यावर ज्यूंची दुकाने फोडण्यात आली. मार्च १९३७ च्या लंडन परिषदेच्या निवडणुकीत मोस्लीच्या उमेदवारांना ईस्ट एंडच्या काही विभागांत बरीच मते पडली, मात्र एकही जागा मिळाली नाही. या घटनेचा टिकाऊ परिणाम कायद्यात दिसतो. सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा १८ डिसेंबर १९३६ रोजी संमत होऊन १ जानेवारी १९३७ पासून अंमलात आला. राजकीय हेतूने गणवेश घालणे व लष्करी धर्तीवर खाजगी दले उभारणे यांस त्याने बंदी केली. त्याचबरोबर मिरवणुकांवर अटी वा तात्पुरती बंदी घालण्याचे अधिकार पोलिसांना दिले. पहिल्या तरतुदीने मोस्लीच्या पक्षाचे दर्शनी तेज गेले. दुसरीचा उपयोग मात्र फॅसिस्टांपुरता राहिला नाही. पुढील काळात डाव्या संघटनांच्या व इतर निदर्शकांच्या मिरवणुकांवरही या अधिकारांचा बडगा पडला. मिरवणुकांविषयीच्या या तरतुदींची जागा १९८६ च्या कायद्याने घेतली. गणवेशबंदीचे कलम तसेच राहिले.

जॅरोची पदयात्रा : केबल स्ट्रीटच्या दुसऱ्याच दिवशी, ५ ऑक्टोबर रोजी, ईशान्य इंग्लंडमधील टाइन नदीकाठच्या जॅरो या गावाहून २०० बेकार पुरुष लंडनकडे चालू लागले. जॅरो हे एकाच कारखान्यावर उभे राहिलेले गाव होते. चार्ल्स पामर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काढलेल्या गोदीत सु. एक हजार जहाजे बांधली गेली होती. मंदीत ही गोदी बंद पडली. जहाजबांधणी उद्योगातील जास्तीची उत्पादनशक्ती कमी करण्यासाठी मालकांनीच स्थापन केलेल्या संस्थेने ती विकत घेतली, मोडीत काढली व त्या जागी चाळीस वर्षे जहाज बांधता येणार नाही, अशी अट घातली. बाजार सुधारला तरी गावाला काम मिळू नये, याची ही लेखी तजवीज होती. काम करणाऱ्या पुरुषांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश बेकार झाले. पोलादाचा नवा कारखाना काढण्याची योजना पुढे आली, पण पोलाद उत्पादकांच्या संघाच्या विरोधामुळे ती बारगळली. शिष्टमंडळ व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यास भेटले, तेव्हा जॅरोने आपला उद्धार आपणच केला पाहिजे, असे उत्तर मिळाले. पदयात्रेची कल्पना या उत्तरातून दृढ झाली.

यात्रेचे नेतृत्व गावच्या नगरपरिषदेने केले. तिला सर्व पक्षांचा पाठिंबा होता आणि ती कोणत्याही पक्षाची नाही, हे कटाक्षाने सांभाळले गेले. त्याच काळात साम्यवादी प्रभावाखालील बेकारांच्या संघटनेचाही मोर्चा लंडनकडे निघाला होता. त्याच्याशी आपली गल्लत होऊ नये, ही जॅरोकरांची दक्षता होती. गावच्या संसद सदस्या, मजूर पक्षाच्या एलेन विल्किन्सन, वाटेत जमेल तितके टप्पे पायी चालल्या. (१९३२ मध्ये इंडिया लीगच्या शिष्टमंडळातून भारताची पाहणी करण्यास आलेल्या त्या याच विल्किन्सन होत.) अकरा हजारांवर सह्यांचा अर्ज सोनेरी अक्षरे कोरलेल्या ओकच्या पेटीत ठेवला होता. वैद्यकीय तपासणीतून निवडलेले पुरुष दररोज ठरलेले अंतर चालत. वाटेतील गावे त्यांना जेवू घालीत, झोपण्यास शाळा व सभागृहे देत, कोठे त्यांचे फाटके बूटही शिवून देत. हुजूर पक्षाच्या ताब्यातील काही गावांनी तर मजूर पक्षाच्या गावांपेक्षा अधिक आतिथ्य केले. उलट एडिंबरो येथे भरलेल्या मजूर पक्षाच्या अधिवेशनात विल्किन्सन यांना शाब्दिक फटकारे खावे लागले आणि डरॅमच्या बिशपने अशा यात्रा म्हणजे जमावाचे दडपण होय, अशी टीका केली.

सु. ४५० किमी. चालून ३१ ऑक्टोबर रोजी यात्रा पावसात लंडनला पोहोचली. ४ नोव्हेंबर रोजी विल्किन्सन यांनी कॉमन्स सभेत अर्ज सादर केला. त्यावर काही मिनिटांची प्रश्नोत्तरे झाली व सभा पुढच्या कामाकडे वळली. बॉल्डविनने यात्रेकरूंस भेट दिली नाही. ते आगगाडीने परतले, तेव्हा प्रवासाच्या काळात आपण कामासाठी उपलब्ध नव्हतो या कारणाने आपला बेकारभत्ता कापला गेल्याचे त्यांना समजले. शासनाच्या दृष्टीने नियम बरोबर लावला गेला होता. यात्रेच्या सर्व हकीकतीत यापेक्षा बोचरा तपशील दुसरा नाही. जॅरोत मोठ्या प्रमाणावर काम परतले ते शस्त्रसज्जता व युद्ध यांमुळे. विल्किन्सन यांनी गावाचा इतिहास १९३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला व १९४५ च्या मजूर शासनात त्या शिक्षणमंत्री झाल्या. यात्रेचा नैतिक प्रभाव त्या शासनाच्या रोजगारविषयक धोरणापर्यंत पोहोचला, असे अनेक इतिहासकार मानतात. तिचा तात्कालिक परिणाम मात्र शून्य होता.

राज्यत्याग : नोव्हेंबरचा पहिला आठवडा पाहिला असता ब्रिटिश जीवन सुरळीत चालल्याचे कोणासही वाटले असते. २ तारखेस लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नियमित दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केले. बेअर्डची २४० रेषांची व मार्कोनी–ईएमआयची ४०५ रेषांची अशा दोन पद्धती आळीपाळीने वापरण्यात येत; पुढील फेब्रुवारीत पहिली सोडून देण्यात आली. ३ तारखेस राजाने संसदेचे उद्घाटन केले. या वेळेपावेतो वृत्तपत्रांनी पाळलेले मौन हा त्या वर्षातील एक विलक्षण प्रकार होय. सिंप्सन बाईने दुसऱ्या पतीविरुद्ध केलेल्या दाव्यात २७ ऑक्टोबर रोजी इप्सविच येथे तिला प्राथमिक हुकूमनामा मिळाला होता आणि सहा महिन्यांनी ती पुनर्विवाहास मोकळी होणार होती. अमेरिकन पत्रे या विषयाने भरली होती. ब्रिटनमध्ये मात्र राजाच्या विनंतीवरून प्रमुख पत्रमालकांनी बातमी दाबली. परदेशी नियतकालिकांतील संबंधित पाने विक्रेते कापून काढीत. जी गोष्ट न्यूयॉर्कच्या हमालास ठाऊक होती, ती लंडनच्या प्राध्यापकास ठाऊक नव्हती.

१६ नोव्हेंबर रोजी राजाने बॉल्डविनला सांगितले, की आपण सिंप्सन बाईशी विवाह करणार आणि त्यास शासनाचा विरोध असल्यास राज्य सोडणार. त्यानंतर दोनच दिवसांनी तो दक्षिण वेल्सच्या दौऱ्यावर गेला. डाउलिस येथील बंद पडलेल्या पोलाद कारखान्यासमोर बेकारांना पाहून, यांच्यासाठी काही तरी केले पाहिजे, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले. ते देशभर गाजले. ज्या शासनाने जॅरोला दाद दिली नाही, त्याला राजाने फटकारले, असा अर्थ लोकांनी घेतला. राजाची सहानुभूती खोटी म्हणण्यास आधार नाही. पण घटनात्मक राजाचे असे उद्गार मंत्रिमंडळास परवडणारे नव्हते आणि ते काढणारा राजा गादी सोडण्याची भाषा आधीच बोलून चुकला होता, हे त्या बेकारांना माहीत नव्हते.

पेच मुख्यतः असा होता : इंग्लंडचा राजा हा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख असतो आणि त्या काळी चर्च घटस्फोटितांचा पहिला जोडीदार हयात असताना होणारा पुनर्विवाह मान्य करीत नसे. नागरी कायद्याने असा विवाह अशक्य नव्हता. परंतु राजाची पत्नी आपोआप राणी होते. तिला राणीपद न देता विवाह करण्याचा मधला मार्ग राजाने सुचविला, त्यास नवा कायदा लागला असता. वेस्टमिन्स्टरच्या १९३१ च्या संविधीनुसार राजपदाविषयीच्या बदलास स्वयंशासित वसाहतींचीही संमती अपेक्षित होती. बॉल्डविनने त्यांचे मत मागविले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांचा कल विरुद्ध पडला. ॲटलीने आपला पक्ष राजाच्या मागे उभा राहणार नसल्याचे कळविले. म्हणजे बॉल्डविनचे शासन पडले असते, तर दुसरे शासन बनविण्यास कोणी नव्हता. मंत्र्यांचा सल्ला झुगारून राज्य करणे म्हणजे राजाचा स्वतःचा पक्ष उभा राहणे. सतराव्या शतकानंतर इंग्लंडने असा प्रसंग सहसा येऊ दिलेला नव्हता.

३० नोव्हेंबरच्या रात्री सिडनम टेकडीवरील क्रिस्टल पॅलेस भस्मसात झाला. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने हाइड पार्कमध्ये उभारलेला हा लोखंड व काच यांचा प्रासाद १८५४ पासून सिडनमला होता. ८९ बंब व ४०० हून अधिक अग्निशामक जवान असूनही सकाळपर्यंत दोन मनोऱ्यांखेरीज फारसे काही उरले नाही. व्हिक्टोरिया युगाचे प्रतीक जळताना पाहण्यास प्रचंड गर्दी लोटली.

दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, ब्रॅडफर्डचा बिशप ब्लंट याने आपल्या धर्मप्रांताच्या परिषदेत राजाला ईश्वरी कृपेची गरज आहे व तिची जाणीव त्याने अधिक दाखवावी, असे म्हटले. त्याचा रोख राजाच्या चर्चमधील अनुपस्थितीकडे होता. उत्तरेकडील पत्रांनी त्यातून भलताच अर्थ काढला आणि ३ डिसेंबरला मौन सुटले. लोकांना सर्व प्रकरण कळल्यापासून राजा जाईपर्यंत जेमतेम आठ दिवस मिळाले. राजाने नभोवाणीवरून देशाला आवाहन करण्याची परवानगी मागितली. मंत्र्यांच्या सल्ल्याविना राजाला जनतेशी बोलता येत नाही, असे सांगून मंत्रिमंडळाने ती नाकारली. बीव्हरब्रुक व रॉदरमिअर हे पत्रमालक राजाच्या बाजूस होते. मोस्लीच्या फॅसिस्टांनीही राजाच्या बाजूने घोषणा दिल्या. या पाठिंब्याने राजाचे हित झाले नाही. ७ डिसेंबर रोजी विन्स्टन चर्चिल कॉमन्स सभेत सवलतीची मुदत मागण्यास उठला, तेव्हा त्याला ओरडून खाली बसविण्यात आले. आठवड्याची सुट्टी आपापल्या मतदारसंघांत घालवून आलेल्या सदस्यांना लोकमताचा अंदाज आला होता.

१० डिसेंबर रोजी फोर्ट बेल्व्हेडिअर येथे तीन भावांच्या साक्षीने आठव्या एडवर्डने राज्यत्यागाच्या लेखावर सही केली. वारसाहक्क १७०१ च्या कायद्याने ठरलेला असल्यामुळे केवळ सही पुरेशी नव्हती. ११ तारखेस संसदेने एकाच दिवसात कायदा संमत केला. त्या चर्चेत जेम्स मॅक्सटन याने राजेशाहीच रद्द करून प्रजासत्ताक आणावे, अशी सूचना मांडली. ती ४०३ विरुद्ध ५ मतांनी फेटाळली गेली. राजा जात असताना राजपदाच्या विरुद्ध केवळ पाच मते पडावीत, हे या प्रकरणाचे सर्वांत बोलके मोजमाप होय. दुपारी १ वाजून ५२ मिनिटांनी कायद्यास संमती मिळाली आणि त्या क्षणी सु. ३२६ दिवसांची कारकीर्द संपली. रात्री एडवर्डने विंझर किल्ल्यातून नभोवाणीवर निरोपाचे भाषण केले व पोर्ट्स्मथहून ‘फ्यूरी’ या विनाशिकेने तो देशाबाहेर गेला. त्याला ड्यूक ऑफ विंझर ही पदवी देण्यात आली. ३ जून १९३७ रोजी त्याने फ्रान्समध्ये सिंप्सन बाईशी विवाह केला.

ड्यूक ऑफ यॉर्क हा त्याचा धाकटा भाऊ सहावा जॉर्ज या नावाने राजा झाला. बोलताना अडखळणाऱ्या या भिडस्त गृहस्थाने राजपदाची इच्छा कधीही धरली नव्हती. त्याची दहा वर्षांची मुलगी एलिझाबेथ संभाव्य वारस बनली. ती पुढे १९५२ ते २०२२ एवढा दीर्घकाळ राणी होती.

वसाहतींत या कायद्याचे पडसाद सारखे उमटले नाहीत. दक्षिण आफ्रिकेने राज्यत्याग १० डिसेंबरलाच झाल्याचे मानले, तर आयर्लंडमध्ये तो १२ डिसेंबरला अंमलात आला. दोन दिवस एकाच राजमुकुटाखालील देशांत राजे भिन्न होते. डी व्हॅलेराने या संधीचा फायदा घेऊन आयर्लंडच्या अंतर्गत संविधानातून राजाचे स्थान काढून टाकले. भारत हा स्वयंशासित वसाहत नसल्यामुळे त्याच्या कायदेमंडळाच्या संमतीचा प्रश्नच उद्भवला नाही. ब्रिटिश भारताच्या चलनात आठव्या एडवर्डच्या नावाचे नाणे आलेच नाही. कच्छ व जोधपूर या संस्थानांनी मात्र त्याच्या नावाची नाणी पाडली, ती आज संग्राहकांच्या आवडीची आहेत.

देशातील सामान्य माणसाला खरोखर काय वाटते, हे शासनास, वृत्तपत्रांस व विद्वानांस किती थोडे ठाऊक आहे, ही जाणीव या घटनांनंतर तीव्र झाली. त्यातूनच १९३७ च्या आरंभी टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज व हंफ्री जेनिंग्ज यांनी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ ही लोकनिरीक्षणाची संस्था स्थापन केली. क्रिस्टल पॅलेसच्या आगीने व राज्यत्यागाने लोकमनात काय खळबळ उडाली, हा तिच्या संस्थापकांपुढील आरंभीचा एक प्रश्न होता. आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १२ मे १९३७ हा दिवस ठरला होता. तोच दिवस कायम ठेवून सहाव्या जॉर्जचा अभिषेक झाला आणि देशभरातील स्वयंसेवकांनी त्या दिवशी आपल्या आसपास लोक काय बोलले, काय खाल्ले, कोण रडले व कोण झोपून राहिले याची टिपणे या संस्थेकडे पाठविली.